करीच्या दिवशी धावत माहेरी

सुंदराला धावायला लावलं ते एका म्हशीनं. कडावातल्या तिच्या गोठ्यात तेव्हा नवीनच आणलेली एक पहिलटकरीण होती, चांदवी नावाची. एका पहाटे तिनं दावं तोडलं आणि कर्जतचा रस्ता धरला. सुंदराचा नवरा हरेश रात्रपाळीला खालापूरच्या कंपनीत. शेजारीपाजारी अजून पांघरुणात. हाक मारायची तरी कुणाला? सुंदरानं पदर खोचला, दावं खांद्यावर टाकलं आणि निघाली मागे. म्हैस पुढे, ही मागे, अशी वरात थेट पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत गेली. तिथं चांदवीनं हार मानली. तोंडाला फेस, पोट भात्यासारखं हलतंय. सुंदरानं तिच्या गळ्यात दावं अडकवलं तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागलेली नाही. म्हैस आपल्याकडे जरा आदरानंच बघत होती, असं ती पुढे सांगायची. म्हशीला विचारायला काही कुणी गेलं नाही.

सत्तेचाळीस वर्षांची बाई. मुलगी सोनाली पुण्यात नर्स झालेली, घरची भातशेती बांधान्बांध पाठ असलेली, आणि दूध घालायच्या वेळेला एक दिवस चुकलेली नाही. आपलं अंग कामाला येतं एवढं तिला ठाऊक होतं. ते मजेलाही येतं, हे तिला म्हशीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धारा काढून, दूध घालून ती कालव्याच्या कडेनं धावून आली. या खेपेला म्हैस नव्हती, त्यामुळे तिला लाज वाटली. समोरून कोणी आलं की ती हात उंचावून "हुर्र, हुर्र" करायची, जणू पुढे जनावर सुटलंय. महिनाभर हे सोंग चाललं. मग गावानंच विचारलं, की बाई, तुझ्या गोठ्यात म्हशी किती आणि रोज सुटतात किती? तेव्हापासून तिनं हुर्र सोडलं आणि नुसतीच धावायला लागली.

नावं ठेवणाऱ्यांनी नावं ठेवली. या वयात काय थेरं, असं दोघीतिघी म्हणाल्या. सुंदरा त्यांना म्हणायची, "चला की तुमी पन." मग त्या गप्प बसायच्या, कारण उत्तर द्यायचं तर धावावं लागलं असतं.

पायताणाच्या नावानं मात्र सगळा आनंद होता. आधी स्लिपर, तिचा पट्टा तुटला. मग अनवाणी, त्यात बाभळीचा काटा. हे सगळं बघून हरेशच्या मनात आलं की आपण बायकोला बूट आणावेत, आणि तेही तिला न सांगता. गावाकडं पायताण आणायची एक रीत आहे. ज्याच्यासाठी आणायचं त्याच्या पायाएवढी काडी मोडायची आणि ती खिशात घालून बाजाराला जायचं. सुंदरा ओटीवर तांदूळ निवडत बसली होती तेव्हा हरेशनं केरसुणीची एक हीर ओढली, मागून जाऊन तिच्या तळव्याला लावली आणि टचकन मोडली. तिला वाटलं, मुंगी चावली.

कामावरून येताना त्यानं खालापूरच्या नाक्यावरून बूट आणले. गुलाबी होते, नाडीला चमकी होती. लांबीला अगदी बरोबर. काडी खोटं बोलत नाही. पण काडीला रुंदी नसते, हे हरेशच्या लक्षात आलं नाही. लहानपणापासून लावणीच्या चिखलात पाय रोवून सुंदराची बोटं फाकलेली, पंजा पुढून सुपासारखा. टाच मात्र बारीक. तिच्या आईचे, इंदूबाईचे पायही असेच. सुंदराचा पाय आईवर गेला, असं सगळं माहेर म्हणायचं. तो पाय त्या गुलाबी बुटात कसाबसा शिरला आणि शिरल्याबद्दल पस्तावला.

नवऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू, म्हणून ती काही बोलली नाही. "कसे हायत?" असं त्यानं विचारलं की "झ्याक" म्हणायची आणि लंगडत गोठ्यात जायची. शेवटी एका संध्याकाळी न्हाणीत पाय धुताना हरेशला तिच्या अंगठ्याचं नख दिसलं.

"हे काळं कशानं झालं गं?"

"तुमच्या गुलाबी बुटांनी."

हरेश दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "तू जा कर्जतला. तुझे तू घे."

त्याच सुमाराला सोनालीचा पुण्याहून फोन आला. कर्जतच्या एका रिसॉर्टवाल्यांनी धावण्याची स्पर्धा ठेवली होती, मुंबईचे लोक येणार होते. मेडल होतं, टीशर्ट होता, नाश्ता होता. "आई, तुझं नाव घालते," सोनाली म्हणाली. सुंदरानं विचारलं, कुठून कुठं धावायचं? रिसॉर्टच्या फाटकातून निघून परत फाटकात, असं कळलं.

"जितनं निघायचं तितंच परत यायचं, तर निघायचं कशाला गं?" तिनं विचारलं.

सोनालीला हसू आवरेना. पण सुंदरा थट्टा करत नव्हती. धावायचं तर कुठंतरी पोचायला हवं, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि कुठं पोचायचं हे तिला फोन ठेवता ठेवताच सुचलं. कोंडाण्याला. माहेरी. कडावहून निघायचं, दहिवलीवरून कर्जत ओलांडायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी आईच्या अंगणात जाऊन थांबायचं. मधे थांबायचं नाही, चालायचं नाही, कुणाच्या गाडीवर बसायचं नाही. अठराएक किलोमीटर होत असतील.

यात धावणं हा एक भाग. दुसरा तिनं कुणाला सांगितला नाही. लग्न झाल्यापासून ती एकदाही आपली आपण माहेरी गेली नव्हती. पहिल्यांदा भाऊ सहदेव मुराळी म्हणून न्यायला यायचा, सायकलवर, मग मोटारसायकलवर. पुढे हरेश सोडायला लागला. तिला कुणी अडवलं होतं अशातला भाग नाही. बाईनं माहेरी जायचं म्हणजे कुणीतरी न्यायला यायचं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं, तिच्याही. इंदूबाईचं माहेर खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. तिला न्यायला येणारा थोरला भाऊ वारला, त्यानंतर कोणी आलं नाही आणि इंदूबाई गेली नाही. कितीतरी वर्षं झाली. सुंदराला हल्ली धावताना ही गोष्ट आठवायची आणि राग यायचा. राग नक्की कुणावर करायचा ते कळत नसल्यामुळे ती जोरात धावायची.

तेव्हा बूट हवेतच. कर्जतच्या बाजारात जगदीशचं दुकान होतं. संध्याकाळच्या धारा आटोपून, किटली घेऊन सुंदरा तिथं गेली. उशीर झाला म्हणून ती ओशाळली होती, पण जगदीश म्हणाला, "बूट घ्यायला हीच वेळ बरी, वहिनी. दिवसभर राबून पाय फुगतो. सकाळी मापाचा वाटलेला बूट संध्याकाळी चावतो." त्यानं तिला उभं करून दोन्ही पाय मापले. उजवा डाव्यापेक्षा थोडा मोठा निघाला. मोठ्या पायाचं माप धरायचं, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच उचलायला नको, हे त्यानं नीट सांगितलं. माणूस आपल्या धंद्यातला पक्का होता. फक्त एक गोष्ट त्याला आवडली नाही. सुंदरा म्हणाली, मी धावून बघणार.

"इथं सतरंजीवर चाला की."

"मी काय सतरंजीवर धावनार हाय?"

"रस्त्याला लावले की जुने होतात हो."

सुंदरानं किटली उचलून गल्ल्यावर ठेवली. "ही तारन ठेव," म्हणाली, आणि पहिला जोड घालून गल्लीच्या टोकापर्यंत पळून आली. बाजार बघतच राहिला. पहिला जोड दिसायला देखणा, पण टाच आतल्या आत वरखाली होत होती. दुसऱ्यानं करंगळी दाबली. तिसरा, चौथा, सगळे बायकांचे, सगळे पुढून निमुळते. पाय बघून बूट करायचे सोडून बूट बघून पाय करा, असंच जणू कारखान्यानं ठरवलं होतं. मग तिची नजर वरच्या फळीवर गेली. राखाडी रंगाचा एक जोड होता, पुढून रुंद, तोंड जरा भोंगळच.

"ते पुरुषांचे आहेत, वहिनी."

"पायाला कुटं कळतंय?"

"लोकांना कळेल ना."

"लोकांच्या पायात घालनार नाय मी."

तो जोड घालून ती गल्लीच्या टोकाला गेली, वळली आणि परत येताना तिच्या तोंडावर हसू होतं. बोटं आत पसरून बसली होती. टाच जागेवर होती. पायात काही आहे हेच विसरायला होत होतं. तिनं किटली सोडवून घेतली. निघताना जगदीशनं बजावलं, "कोरे करकरीत घालून एकदम लांब जाऊ नका. आधी थोडे थोडे वापरा." पण घरात पंचाईत झाली. नवी वस्तू सणाला काढायची ही रीत, आणि संक्रांत तोंडावर आलेली. हरेश म्हणाला, तोवर कपाटावर ठेव. सुंदरानं एक रात्र ठेवले. साडी असती तर अजूनही ठेवली असती. पण सकाळी उठून तिनं ते पायात घातले आणि कालव्याचा रस्ता धरला. संक्रांतीपर्यंत राखाडी रंग शोधावा लागेल इतके ते मातकट झाले होते.

दिवस तिनं नीट विचार करून निवडला. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. करीला शुभ काम नाही, प्रवास नाही, माणसं घरात बसून उरलेल्या पोळ्या खातात. म्हणजे रस्ता मोकळा. तिच्या हिशेबात एवढंच आलं. करीच्या दिवशी रस्त्यात धावणारी बाई दिसली तर बघणाऱ्याच्या मनात काय येईल, हे काही आलं नाही. ती शहाणी होती, पण शहाण्या माणसाचीच चूक मोठी असते.

आदल्या संध्याकाळी तिनं हरेशला सांगितलं, "उद्या माहेरी जाते."

"रात्रपाळी हाय. दुपारी उठलो का सोडतो."

"नको. मी जाईन."

तो बरं म्हणाला. कशी जाणार हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सकाळी तो कामावरून आला, फोन मुका करून झोपला. तिनं धारा काढल्या, दूध घातलं, पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधली. फोन खिशात आपटतो म्हणून घरीच चार्जिंगला लावला. बुटाच्या नाड्या बांधल्या आणि निघाली.

थंडी मस्त पडली होती. कापणी झालेल्या शेतांत वाल फुलावर आला होता. पहिला टप्पा तर ती गाणं गुणगुणत गेली. एका टेंपोवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "वयनी, बसता का?" तिनं मान हलवली. त्यानं परत विचारलं. तिनं परत हलवली. तो डोळे विस्फारून पुढे गेला. असंच एका दूधवाल्यानं विचारलं, मग एका रिक्षावाल्यानं. आज कडावपासून कर्जतपर्यंत सगळी दुनिया तिला बसवून न्यायला टपली होती.

कर्जतच्या चारफाट्याला मोतीबाई भाजी घेऊन बसली होती. ही कोंडाण्याची, सुंदराच्या माहेरच्या भावकीतली. तिनं समोरून सुंदराला येताना पाहिलं. तोंड लाल, केस सुटलेले, घाम की रडं ते कळेना, आणि पाय थांबत नाहीत.

"सुंदरे, काय झालं गं?"

सुंदराला श्वास जपायचा होता. तिनं नुसता कोंडाण्याच्या दिशेला हात केला आणि पुढे निघून गेली. मोतीबाईच्या हातातली जुडी खाली पडली. करीचा दिवस, बाई धावत माहेरी निघालेली, बरोबर कोणी नाही, तोंडातून शब्द नाही. आता आणखी काय सांगायला हवं? तिनं सहदेवला फोन लावला. "तुजी भैन धावत येतंय. कायतरी इपरीत हाय."

सहदेवनं ताईला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. हरेशला केला, तोही तसाच. घरात "काय ते बघून येतो" म्हणून त्यानं मोटारसायकल काढली. त्याच्या मागे घरात बाकीच्यांनी काय बघायचं ते आधीच बघून टाकलं. अर्ध्या तासात इंदूबाईच्या ओटीवर भावकी जमली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. चुलीवरचा चहा कुणीतरी उतरवून ठेवला.

कर्जत मागे टाकून सुंदरा कोंडाण्याच्या रस्त्याला लागली होती तेव्हा सहदेव तिला भेटला. गाडी वळवून तिच्या बाजूला आला.

"ताय, बस."

"नाय."

"काय झालंय? भावजी बरं हायत ना?"

"झोपलेत. बरं... हायत."

"भांडान झालं?"

"नाय रं."

"मग पळतेस कशाला?"

"पळायचं... म्हनून."

सहदेवला हे झेपेना. तो पहिल्या गिअरमध्ये तिच्या बाजूनं चालवू लागला. आधी काळजी होती, आता त्या काळजीचा राग झाला. लोक बघतायत, तो म्हणाला. भैन धावतेय नि भाव गाडीवर, माझं तोंड कुठं दाखवू? मला एक फोन केला असतास तर न्यायला आलो असतो.

"म्हनूनच नाय केला," सुंदरा म्हणाली.

हे त्याला लागलं. सुंदरालाही वाईट वाटलं, कारण इतकी वर्षं उन्हापावसात न्यायला आलेला भाऊ होता तो. पण समजावून सांगायला श्वास शिल्लक नव्हता.

पुढे चढ लागला. आता खरी घोडामैदानाची वेळ होती. डाव्या कुशीत कळ उठली, मांड्या लाकडाच्या झाल्या. बूट ठीक होते, पाय ठीक होते, अंगच संपत आलं होतं. पाऊल पडत होतं ते चालण्याहून जरा पुढे, एवढंच. सहदेवनं ते पाहिलं. त्याचा राग उतरला आणि तो अगदी मायेनं बोलला.

"बस आता. एवडंसंच तर ऱ्हायलंय. गावाच्या तोंडाला उतरवतो. मी कोनाला सांगनार नाय."

सुंदराच्या मनात आलं, बसावं. तो सांगणार नाही, रस्त्यावर दुसरं कोणी नाही, आणि पोचायचं तर आहेच. गाडीची मागची सीट तिच्या हाताशी होती. ती सीट तिच्या ओळखीची होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून ती अशाच मागच्या सीटवर बसून या रस्त्यानं आली होती, पुढच्या माणसाची पाठ बघत. हा चढ इतका लांब आहे, हे तिला आज कळत होतं. चढावर डाव्या हाताला एवढं मोठं आंब्याचं झाड आहे, हेही आजच.

"सहदेवा," ती म्हणाली, "तू पुडं जा. आयेला सांग, चा ठेव."

तो थोडा वेळ तसाच बाजूनं आला. मग त्यानं गिअर बदलला आणि पुढे गेला. सुंदरा एकटीच चढ चढली. हळू चढली, पण धावत चढली.

सहदेवनं घरी जाऊन सांगितलं की काही झालेलं नाही, ताई नुसतीच पळत येतेय, चहा ठेवा. कुणाचाही विश्वास बसला नाही. भाऊ झाकून घेतोय, असंच सगळ्यांनी धरलं. नुसतंच कोणी माहेरी पळत येतं का? एकीनं तर डोळ्याला पदर लावला.

अशा अंगणात सुंदरा शिरली. मधोमध थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली. इंदूबाई ओटीवरून उतरली. सत्तरी उलटलेली बाई, पण काठी न घेता उतरली. लेकीचे दंड धरले आणि विचारलं, "कोन गेलं गं?"

सुंदरानं मान वर केली. एवढी माणसं, एवढे पदर बघून तिला आपली चूक कळली. हसावं की काय करावं तिला कळेना.

"कोन नाय गेलं गं आये," ती म्हणाली. "मी आले."

"एकटी?"

"एकटी."

"कडावापास्नं?"

"धावत."

इंदूबाईनं दंड सोडले नाहीत. ती लेकीकडे बघत राहिली, मग एकदम घरात गेली आणि भाकरीचा तुकडा नि तांब्या घेऊन आली. तुकडा लेकीवरून उतरून टाकला. पायांवर पाणी घालायला वाकली तर पायात हे भले थोरले बूट. "ते काड आधी," ती म्हणाली. भावकी हळूहळू हसायला लागली आणि चहा पुन्हा चुलीवर चढला. मोतीबाईला मात्र फोन करून चार शब्द सुनावायचे, असं तिघींनी ठरवलं.

चहा पिऊन लोक पांगले. सुंदरा ओटीवर भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. सगळं अंग ठणकत होतं आणि तिला फार बरं वाटत होतं. हरेशचा फोन सहदेवकडे येऊन गेला होता. तो बिचारा उठून बघतो तर फोनवर सगळ्या कोंडाण्याचे मिस्ड कॉल. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला, आणि सुंदरानं खुशाल या म्हटलं. परत जायला तिची ना नव्हती. दमली होती ती.

इंदूबाई बुटांकडे बघत बसली होती. तिनं एक उचलला, उलटा केला, पुढचा भाग अंगठ्यानं दाबून पाहिला.

"पुरुषाचे हायत हे."

"व्हय. बायकांच्यात आपला पाय जात नाय."

इंदूबाईनं बूट खाली ठेवला. मग भिंतीला हात धरून उजवा पाय त्यात घातला. फाकलेली बोटं, सुपासारखा पंजा, सगळं आत गेलं. डावाही गेला. सुंदरा पुढे सरकली आणि तिनं आईच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. इंदूबाई अंगणात उतरली. तुळशीपर्यंत गेली, तिथून फाटकापर्यंत, आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिथून रस्ता कर्जतला जातो आणि पुढे खालापूरला. ती त्या बाजूला बघत होती.

सहदेवनं ओटीवरून पाहिलं आणि सवयीनं किल्ली उचलली.

"आये, कुटं जायचंय? सांग, मी नेतो की."

"तू बस रं," इंदूबाई म्हणाली. "मी जरा माप बगते."